पंधरवड्याचा पगार

परदेशी नोकरी करून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा. दुसरा प्रश्नही पगाराचाच असतो, 'म्हणजे आपले किती?' मी २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं मेक्सिकोत इंग्रजी शिकवलं. तिथला पगार सांगितला की समोरचा माणूस मनातल्या मनात गुणाकार करतो आणि उत्तर आलं की त्याचा चेहरा जरा उतरतो. 'एवढ्यासाठी इतक्या लांब?' असं तो तोंडाने म्हणत नाही, पण ते कळतं. त्याचा गुणाकार बरोबरच असतो. पण पगार ज्या गावात मिळतो त्याच गावात खर्च होतो. म्हणून आज रुपयांचा हिशेब थोडा बाजूला ठेवून तिथल्या पेसोंचा हिशेब तुम्हाला सांगणार आहे.

मी राहत होते ते शहर पुएब्ला. मेक्सिको शहरापासून बसने दोन-अडीच तासांवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच. आकाश स्वच्छ असलं की पोपोकातेपेत्ल नावाचा ज्वालामुखी दिसतो. तो अधूनमधून धूर सोडतो, आणि वाऱ्याची दिशा फिरली की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसतो. शहराजवळ फोक्सवॅगनचा मोठा मोटार कारखाना आहे आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनवणारे अनेक लहानमोठे कारखाने. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार १९९४ साली लागू झाला. तेव्हापासून अशा गावांत इंग्रजी ही नुसती शाळेतली भाषा राहिली नाही. बढती हवी असेल तर इंग्रजी हवं. त्यामुळे गल्लोगल्ली इंग्रजीचे वर्ग, आणि त्या वर्गांना हवे असलेले शिक्षक.

त्यातली मी एक. मला तासाला ११० पेसो मिळत. आठवड्याला साधारण २४ तास. सकाळी सात ते नऊ एका कारखान्यात, संध्याकाळी चार ते सहा संस्थेत, शिवाय शनिवारी चार तास. ऐकायला काम थोडं वाटतं. पण सकाळचा वर्ग शहराच्या एका टोकाला आणि संध्याकाळचा दुसऱ्या. मधले सात तास ना घरचे ना दारचे. कोंबी म्हणजे आपल्या वडापसारखी छोटी गाडी. तिच्यात दिवसातून चारदा बसायचं. प्रवासाचा वेळ, वह्या तपासण्याचा वेळ, उद्याचा धडा तयार करण्याचा वेळ, यातलं काहीच त्या ११० पेसोंत धरलेलं नसे. पगार तासाचा मिळतो, पण कामाला दिवस जातो.

महिन्याचे झाले साडेदहा हजार पेसो. दहा टक्के कर कापला की हातात साडेनऊ हजार. तेव्हा एका पेसोचे साडेतीन रुपयांच्या आसपास होत, म्हणजे तुमच्या गुणाकाराने तेहतीस हजार रुपये. आता खर्च ऐका. एका घराच्या वरच्या मजल्यावरची खोली, २८०० पेसो. खाणंपिणं तीन हजार. कोंबीचं भाडं सहाशेच्या घरात. गॅस, फोन आणि पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार मिळून सातशे. उरलेल्यात कपडे, औषध, कधीतरी सिनेमा आणि शिल्लक. भागत होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. औषधाच्या दुकानाला लागूनच डॉक्टरची खोली असते, तिथे पन्नास पेसोंच्या आत ताप-खोकल्याचं काम होऊन जायचं. मात्र ज्या दुखण्याला पन्नास पेसो पुरत नाहीत, ते आपल्याला होऊ नये अशी प्रार्थना करायची.

माझा पगार तिथल्या लोकांच्या मानाने कसा होता? २०१७ च्या सुरुवातीला मेक्सिकोत कायद्याने ठरलेलं किमान वेतन होतं दिवसाला ८० पेसो. दिवसाला, तासाला नव्हे. म्हणजे सकाळच्या एका तासात मी जे कमवत होते, ते माझ्या वर्गाबाहेर फरशी पुसणाऱ्या बाईच्या किमान रोजापेक्षा जास्त होतं. त्यानंतरच्या वर्षांत सरकारने हे वेतन झपाट्याने वाढवलं, २०२५ मध्ये ते दिवसाला २७८ पेसो ८० सेंताव्होसपर्यंत गेलं. पण त्या वेळी आपला पगार कमी आहे अशी तक्रार ओठांवर आली की मला त्या ऐंशी पेसोंची आठवण व्हायची आणि तक्रार आत जायची.

आता पगाराच्या तारखेविषयी. आपल्याकडे एक तारीख, मेक्सिकोत दोन. महिन्याची पंधरा आणि महिन्याचा शेवटचा दिवस. याला म्हणतात 'किन्सेना', आपल्या भाषेत पंधरवडा. सगळा देश या पंधरवड्याच्या तालावर चालतो. किन्सेना शुक्रवारी आली की एटीएमसमोर रांगा, रस्त्यावर गाड्यांची दाटी, खानावळीत बसायला जागा नाही. आणि तेरा-चौदा तारखेला त्याच रस्त्यावर शुकशुकाट. दुकानदार उधारी देताना 'किन्सेनाला द्या' म्हणतो. मला सुरुवातीला वाटलं, बरं आहे, दोनदा पगार. महिनाभरात कळलं, महिनाअखेरही दोनदा येते.

त्या दिवसांत तारून नेणाऱ्या दोन गोष्टी. एक फोंदा, म्हणजे घरगुती खानावळ. तिथे दुपारी 'कोमिदा कोरिदा' मिळते. सूप, भात, एखादी भाजी किंवा मांसाचा पदार्थ, सोबत घेवड्याची उसळ, फळांचं सरबत आणि हव्या तितक्या तोर्तिया. पंचेचाळीस-पन्नास पेसोंत पोट भरे, ते रात्रीपर्यंत. तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग धुऊन दळतात. गल्लीतल्या दुकानात ती यंत्रावर भाजून किलोवर विकतात. कापडात गुंडाळलेली ती गरम चवड घेऊन घरी येताना वास यायचा तो थेट आपल्या चुलीचा.

दुसरी गोष्ट आठवडी बाजार, तिथल्या शब्दात 'तियांगिस'. मिरच्या, टोमॅटो, पेरू, चिकू, सीताफळ हे सगळं आपण आपलंच समजतो, पण ही मंडळी अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली. 'चिकू' हा शब्दही तिथल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. बाजारातल्या बायका प्रत्येक गिऱ्हाइकाला 'गुएरिता' म्हणून हाक मारतात, म्हणजे 'गोरटेले'. माझ्या रंगाच्या बाईला ही हाक आयुष्यात प्रथमच मिळत होती. घासाघीस करायला आलेली मी त्या एका शब्दावर पाव किलो पेरू जास्त घेऊन जायची.

इथवर सगळं गोड. आता कडू भाग. मेक्सिकोत कायम नोकरीत असलेल्याला कायद्याने 'अग्विनाल्दो' मिळतो. हा त्यांचा दिवाळी बोनस, फक्त नाताळचा. निदान पंधरा दिवसांचा पगार, आणि तो २० डिसेंबरच्या आत द्यावाच लागतो. सोबत दवाखान्याचा विमा आणि पगारी सुटी. ही सुटी पहिल्या वर्षाला सहा दिवस होती, २०२३ पासून ती बारा दिवस झाली. पण इंग्रजीच्या अनेक शिक्षकांना नोकर म्हणून घेतच नाहीत. त्यांना 'ओनोरारिओस' म्हणजे मानधनावर ठेवतात. माझंही तसंच होतं. मानधन या शब्दात मान आधी आणि धन नंतर आहे, पण बोनस, विमा आणि सुटी यांतलं काहीच नाही. डिसेंबरच्या मध्यापासून ६ जानेवारीपर्यंत वर्ग बंद, ईस्टरच्या सुमारास दोन आठवडे बंद, दोन सत्रांच्या मध्ये बंद. वर्ग बंद म्हणजे पैसे बंद. वर्षाचे महिने बारा, पगाराचे जेमतेम साडेनऊ. सगळा देश बोनस घेऊन बाजाराला निघायचा तेव्हा आमची मिळकत शून्य असायची.

यावर उपाय मला माझ्या घरमालकीणबाईंनी सांगितला. त्यांनी एके दिवशी विचारलं, 'मायेस्त्रा, तांदात येता का?' मायेस्त्रा म्हणजे बाई, शिक्षिका. तांदा म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं आणि मला हसूच आलं. ती आपली भिशी होती! दहा जणी, प्रत्येकीचे किन्सेनाला पाचशे पेसो, चिठ्ठ्या टाकून क्रमांक ठरवायचे, आणि ज्या किन्सेनाला ज्याचा क्रमांक त्याला पाच हजार. ना कागद, ना सही, ना व्याज. माझ्या आईने आयुष्यभर जे केलं, ते मी सातासमुद्रापलीकडे स्पॅनिशमध्ये करू लागले.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या तांदात मला चौथा क्रमांक आला, म्हणजे ३० सप्टेंबर. त्याआधी आली १९ सप्टेंबर. १९८५ साली याच तारखेला मेक्सिको शहरात प्रचंड भूकंप झाला होता, म्हणून दरवर्षी त्या दिवशी सराव घेतात. त्या दिवशीही सकाळी अकराला भोंगे वाजले, आम्ही सगळे शिस्तीत बाहेर पडलो आणि परत आलो. दुपारी सव्वाच्या सुमाराला जमीन खरोखर हलली. ७.१ तीव्रतेचा तो भूकंप. केंद्र पुएब्ला आणि मोरेलोस या राज्यांच्या सीमेवर. देशात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घराला काही झालं नाही. पण वर्ग बंद झाले, इमारतींची तपासणी होईपर्यंत बंदच राहिले, आणि माझे दोन आठवड्यांचे पैसे बुडाले. भाड्यासाठी माझी सगळी भिस्त त्या चौथ्या क्रमांकावर होती.

आमच्या तांदातल्या एकीच्या घराची मागची भिंत पडली होती. तिचा क्रमांक दहावा, थेट ३१ डिसेंबर. घरमालकीणबाई संध्याकाळी वर आल्या. त्यांनी आग्रह केला नाही, फक्त परिस्थिती सांगितली आणि 'तुमचा क्रमांक तिला देता का?' असं विचारलं. मी म्हटलं, 'देते, पण मग भाडं?' त्या म्हणाल्या, 'भाडं मला द्यायचंय ना? मग ते मी बघते.' माझं त्या महिन्याचं भाडं त्यांनी डिसेंबरवर लिहून ठेवलं. ३० तारखेला पाच हजार पेसो विटा-सिमेंटसाठी गेले. ज्या बाईंनी ते नेले त्या पुढच्या प्रत्येक किन्सेनाला आपले पाचशे घेऊन सर्वांच्या आधी हजर असत. आणि ३१ डिसेंबरला, माझे वर्ग बंद आणि मिळकत शून्य असताना, माझ्या हातात पाच हजार आले. जुनं भाडं फिटलं, वर थोडे उरलेही. कायद्याने न मिळालेला अग्विनाल्दो मला त्या नऊ जणींनी दिला, असंच मी समजते.

मान मात्र भरपूर मिळाला, तेही सांगायला हवं. १५ मे हा तिथला शिक्षक दिन, १९१८ पासून पाळला जातो. त्या दिवशी माझ्या कारखान्यातल्या वर्गातले मिशीवाले फोरमन फुलं घेऊन यायचे. काही संस्थांना इंग्रजी शिकवायला गोरा अमेरिकन किंवा ब्रिटिशच हवा असतो, हे मी नोकरी शोधताना अनुभवलं. पण एकदा वर्गात उभं राहिल्यावर विद्यार्थ्यांनी माझे उच्चार कुठल्या देशाचे, याची चौकशी केली नाही. त्यांना उद्या फोनवर समोरच्याला काय सांगायचं, एवढीच फिकीर असे.

आणि मेक्सिकोत शिकवायला आलेली मी काही पहिली मराठी व्यक्ती नव्हे. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे विसाच्या दशकात चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक होते. त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढलं आहे, पंगतीच्या मध्यभागी बसून सर्वांसाठी भाकर मोडणारा माणूस म्हणून. ते चित्र मी बराच वेळ पाहत उभी होते. स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

मी परत आले त्याला कारण तो पगारच. एकट्या जिवाला तो पुरत होता. पण घरी काही पाठवायचं म्हटलं तर पुरत नव्हता. दोन वर्षांतल्या चार तांदांचे वीस हजार पेसो साठवले, तेव्हा कुठे एकदा घरी येण्याच्या तिकिटाची बरीचशी सोय झाली. आई-वडील थकत चालले होते. तीन वर्षांतून एकदा भेट, हा हिशेब मला मान्य होईना.

तुमच्या घरातला कुणी मुलगा किंवा मुलगी अशा नोकरीला निघाली असेल तर त्यांना महिन्याचा आकडा विचारू नका. वर्षात पैसे किती महिने मिळणार, नोकर म्हणून घेणार की मानधनावर, आजारी पडलं तर कोण बघणार आणि परतीचं तिकीट किती किन्सेनांत जमणार, एवढं विचारा. या चार प्रश्नांची उत्तरं समाधानकारक मिळाली तर खुशाल जाऊ द्या. आणि पोचल्यावर शेजारच्या भिशीत पहिल्याच महिन्यात नाव घालायला सांगा.