खर्चीचा कारखाना आणि चढती मजुरी



चीनचे नाव निघाले की आपल्याकडे बहुधा दोनच सूर ऐकू येतात, एक भयाचा आणि दुसरा उपहासाचा. आजच्या पुरती मी या दोन्ही सुरांना रजा दिली आहे. कारण माझा विषय राजकारणाचा नसून एका रोकड्या हिशेबाचा आहे. जो माल दुसऱ्याच्या नावाने विकला जातो, ज्याचा नमुना दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसऱ्याचे आणि किंमतही दुसऱ्याने ठरवलेली, असा माल करून देणारा कारखाना चालवणाऱ्या चिनी कारखानदाराच्या ताळेबंदाचे, मजुरी वर्षानुवर्षे चढत राहिल्यावर, काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१९७८ साली ग्वांगडाँग प्रांतात, हूमेन या गावी, ताइपिंग हँडबॅग फॅक्टरी नावाचा एक कारखाना निघाला. कच्चा माल, यंत्रे आणि नमुने हे सारे हाँगकाँगच्या व्यापाऱ्याने आणावयाचे, जागा आणि हात गावाने पुरवावयाचे, तयार पिशव्या व्यापाऱ्याने घेऊन जावयाच्या आणि शिलाईचा मोबदला तेवढा गावात राहावयाचा, असा तो मामला होता. इचलकरंजीकडचे कोणी श्रोते येथे असतील तर त्यांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. व्यापाऱ्याचे सूत घेऊन प्रति पीक, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरीवर कापड विणून देणारा आपला खर्चीवाला यंत्रमागधारक आणि हूमेनचा तो कारखाना यांची जात एकच. फरक पडला तो विस्ताराचा. दोन वर्षांनी, १९८० साली, शेजारच्या शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत पर्ल नदीच्या मुखाशी असलेला तो सारा मुलूख जगाच्या खर्चीवर जगू लागला. खेळणी, पादत्राणे, पंखे, घड्याळे, दूरध्वनी, जे जे म्हणून दुकानात मांडता येते ते ते तेथे तयार होऊ लागले, आणि करणाऱ्याचे नाव मात्र त्यावर कोठेही नव्हते.

या धंद्याचे गणित वरवर सोपे आहे. समजा, त्याच मुलखातल्या दोंगग्वानमधील एका कारखानदाराला अमेरिकेतील एका बड्या दुकानदार कंपनीने केस वाळवण्याच्या यंत्रांची मागणी दिली आणि डॉलरमध्ये ठरलेला दर युआनमध्ये शंभर होतो. त्यातले पासष्ट प्लास्टिकचा दाणा, तांब्याची तार, मोटार आणि खोका यांत गेले, अठरा मजुरीत गेले, बारा वीज, भाडे आणि वाहतूक यांत गेले. हाती राहिले पाच. आता मजुरी शेकडा पंधरा वाढली, की सुमारे पावणेतीन युआन निघून जातात. त्याच वर्षी युआन डॉलरच्या तुलनेत शेकडा तीन वधारला, की शंभराचे सुमारे सत्त्याण्णवच हाती येतात, आणि नफ्याच्या जागी खोट उभी राहते. बाहेरून येणारा काही माल डॉलरमध्ये घेतलेला असेल तर तेवढा आधार मिळतो, नाही असे नाही. पण हे आकडे मी सोयीसाठी घेतले असले तरी त्यांतील तर्क काल्पनिक नव्हे. २००५ च्या जुलैत चीन सरकारने युआनला डॉलरच्या दाव्यातून सोडवले आणि पुढील काही वर्षे तो चढत गेला. मजुरीची वाढ आणि चलनाची वाढ एकाच वेळी अंगावर आली. वरून खरीददार दर वाढवू देत नाही, खालून मजूर कमी दरात राहत नाही, आणि मधला कारखानदार अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीप्रमाणे दोन्ही पात्यांचा भार सोसतो.

मजुरी चढली कशामुळे? अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुइस यांनी १९५४ साली असे मांडले होते की खेड्यांत जोवर अतिरिक्त माणसे आहेत तोवर कारखान्यांना ठराविक मजुरीवर हवे तितके हात मिळत राहतात, आणि तो साठा आटला की मजुरीला पाय फुटतात. ग्वांगडाँगच्या कारखानदारांना याची पहिली चाहूल २००४ च्या सुमारास लागली. नववर्षाच्या सुटीला गावी गेलेले मजूर पुरेशा संख्येने परतेनात. २०१२ साली तर चीनच्या श्रमक्षम वयाच्या लोकसंख्येत ३४ लाख ५० हजारांची घट नोंदवली गेली. एकच अपत्य होऊ देण्याच्या सरकारी धोरणाचे फळ असे पदरात पडले. त्यात १ जानेवारी २००८ पासून नवा श्रमकरार कायदा अमलात आला. नोकरीचा लेखी करारनामा एका महिन्याच्या आत न केल्यास दुप्पट पगार, आणि कामावरून दूर करताना सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार, अशा त्याच्या तरतुदी आहेत. तोवर तोंडी बोलीवर चाललेल्या शेकडो कारखान्यांच्या दफ्तरात कागद त्यामुळेच आला. शेन्झेनचे किमान मासिक वेतन २०१० च्या जुलैत १,१०० युआन होते, ते २०१५ च्या मार्चमध्ये २,०३० झाले. आणि पगाराच्या आकड्यात विम्याचा भार धरलेला नाही. निवृत्तिवेतनापोटी मालकाने भरावयाचा हिस्साच कित्येक ठिकाणी वेतनाच्या शेकडा वीस होता, तो २०१९ साली सोळावर आणला गेला. २०१४ च्या एप्रिलमध्ये दोंगग्वानच्या यू युएन पादत्राण-कारखान्यातील हजारो कामगार काम थांबवून रस्त्यावर आले ते या विम्याच्या थकलेल्या भरण्यासाठी.

परंतु कायदा आणि लोकसंख्या यांच्या आकड्यांनी या गोष्टीचा अर्धाच भाग कळतो. फॉक्सकॉन या नावाने ओळखली जाणारी होन हाय कंपनी टेरी गौ यांनी १९७४ साली तैवानात काढली ती दूरचित्रवाणी संचाची बटणे करण्यासाठी. १९८८ साली ती शेन्झेनला आली आणि पुढे लाँगहुआ येथील तिच्या आवारात वसतिगृहांसह लाखोंची वस्ती झाली. २०१० साली त्या कंपनीच्या चीनमधील आवारांत, एकामागून एक, चौदा तरुण कामगारांनी जीव दिला. इमारतींना जाळ्या बांधल्या गेल्या, हे साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिले. मूळ पगार महिना ९०० युआन होता तो जूनमध्ये १,२०० झाला आणि ऑक्टोबरपासून, ठराविक मुदतीच्या परीक्षेस उतरणाऱ्यांना, २,००० देण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नानहाई येथील होंडाच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यातील तरुणांनी काम बंद केले, तेव्हा त्या कंपनीची चीनमधील मोटारजोडणी ठप्प झाली आणि पगारवाढ मिळाली. हे दोन प्रसंग मी एकत्र सांगतो याला कारण आहे. पहिल्यात मजुराचे एकाकीपण दिसले, दुसऱ्यात त्याचे सामर्थ्य. आणि मजुरीचा दर यापुढे केवळ कारखानदाराच्या खतावणीत ठरणार नाही ही गोष्ट एकाच उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना कळली.

मग कारखानदाराने काय केले? प्रथम त्याने तेच केले जे आपल्याकडचा अडचणीत आलेला मक्तेदार करतो, म्हणजे मालात हात घातला. खोक्याचा पुठ्ठा पातळ झाला, नव्या दाण्यात एकदा वितळवलेला दाणा मिसळला गेला, तांब्याची तार केसाएवढ्या अंतराने बारीक झाली, आणि खरीददाराचा तपासनीस येईपर्यंत याची रुजवात कोणी घेतली नाही. रंगकाम तिसऱ्याकडे, त्याचा रंग चौथ्याकडून, अशी पोटकंत्राटांची साखळी जितकी लांबते तितकी जबाबदारी पातळ होत जाते. २००७ च्या ऑगस्टमध्ये मॅटेल कंपनीने शिसेयुक्त रंगामुळे जगभरातून सुमारे १५ लाख खेळणी परत मागवली. ती फोशानमधील एका कंत्राटी कारखान्यात झाली होती, आणि रंग आला होता बाहेरच्या पुरवठादाराकडून. त्या कारखान्याच्या एका मालकाने काही दिवसांतच आत्महत्या केली. मजुरीवाढ हेच याचे कारण होते असे म्हणण्याइतका पुरावा नाही आणि मी तसे म्हणतही नाही. पण ज्या धंद्यात शेकड्याला पाचही उरत नाहीत तेथे एक चूक पचवण्याइतका गरदेखील कारखानदाराजवळ नसतो, एवढे त्यातून दिसते. पुढील वर्षीच्या ऑक्टोबरात, जगभर मंदी उतरलेली असताना, मॅटेल आणि हॅस्ब्रो यांना माल देणारा दोंगग्वानचा स्मार्ट युनियन हा खेळण्यांचा कारखाना बंद पडला, हजारो कामगार दारात उभे राहिले आणि थकलेला पगार स्थानिक सरकारला आपल्या तिजोरीतून द्यावा लागला. असा कारखाना डबघाईला येतो तेव्हा खरा झगडा साच्यांवरून लागतो. साच्यांची मालकी बहुतकरून खरीददाराची, पण ते ठेवलेले असतात कारखान्याच्या मांडणीवर. खरीददाराचा मनुष्य ट्रक घेऊन फाटकाशी येतो, आणि आधी थकलेली बिले चुकवा असा तगादा लावून कारखानदार कुलूप काढत नाही.

दुसरा मार्ग स्थलांतराचा. फॉक्सकॉनने २०१० साली हनान प्रांतात झंगझौ येथे कारखाना काढला, मजूर जेथून येत तेथेच. पादत्राणे आणि कपडे व्हिएतनामकडे वळले. नायकीच्या पादत्राणांच्या बाबतीत २०१० सालीच व्हिएतनामचा वाटा चीनच्या पुढे गेला होता. तिसरा मार्ग यंत्रांचा, आणि त्यात बढाईही पुष्कळ झाली. तीन वर्षांत दहा लाख यंत्रमानव बसवू अशी घोषणा गौ यांनी २०११ साली केली, ती त्या मुदतीत खरी झाली नाही. मोबाइलच्या पेटीतला स्क्रू माणसाची बोटे ज्या सफाईने बसवतात ती सफाई यंत्राला शिकवणे, आणि वर्षभरात पेटीचा नमुना बदलला की पुन्हा शिकवणे, परवडत नव्हते.

या संबंधात मला सर्वांत बोधक वाटते ते उदाहरण बीवायडी या कंपनीचे. वांग च्वानफू यांनी १९९५ साली शेन्झेनमध्ये ती काढली तेव्हा जपानी कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रसामग्री विकत घेण्याची तिची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी बॅटरी करण्याची क्रिया लहान लहान तुकड्यांत फोडली, प्रत्येक तुकड्याला साधी पकड आणि एक माणूस दिला, आणि मोटोरोला व नोकिया यांना त्यांच्या फोनसाठी बॅटऱ्या स्वस्तात पुरवल्या. स्वस्त मजुरीचा याहून चतुर वापर क्वचितच कोणी केला असेल. पण ती मजुरी स्वस्त राहिलेली असतानाच, २००३ साली, त्यांनी शीआन येथील एक मोटार कारखाना विकत घेतला आणि बॅटरीची विद्या स्वतःच्या नावाच्या गाडीत ओतली. खर्चीत मिळालेला पैसा खर्चीतच न गुंतवण्याचे हे धैर्य फार थोड्यांनी दाखवले, आणि जे मागे राहिले त्यांच्यावर मजुरीवाढ सोसण्याची पाळी आली. खर्चीत उरते ते किती, याचा अंदाज एका प्रसिद्ध अभ्यासातून येतो: २००९ सालच्या आयफोनचा घडणखर्च सुमारे १७९ डॉलर असताना चीनमधील जोडणीचा त्यातील वाटा साडेसहा डॉलर होता.

आता आपल्या घरची गोष्ट. चिनी मजुरी महागली म्हणून कारखाने आपसूक आपल्याकडे वाहत येतील अशी जी समजूत आपल्या सभांतून आणि अग्रलेखांतून पसरली आहे ती मला भाबडी वाटते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. २०२० च्या आरंभी उद्योगमंत्र्यांनीच तो प्रकल्प येणार नसल्याचे सांगितले. तळेगावच्या नावाने गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ साली गुजरातला गेला म्हणून आपण संतापलो, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने त्यातूनही अंग काढून घेतले. दोंगग्वानचा कारखानदार मजुरीच्या जोडीला आणखी काही विकत होता: सकाळी साचा बिघडला तर दुपारपर्यंत तो दुरुस्त करून देणारा कारागीर, दोन मैलांवर मिळणारे बक्कल आणि स्प्रिंग, रात्री भरून निघणारा कंटेनर. हे ज्या गावात नाही तेथे मजुरी निम्मी असली तरी माल महागच पडतो.

जेथे कारखाने आले तेथे मजुरीचा प्रश्नही पाठोपाठ आला. २०२० च्या डिसेंबरात कर्नाटकातील नरसापूर येथे विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात पगाराच्या तक्रारींवरून कामगारांनी मोडतोड केली, आणि वर्षभराने श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या महिला कामगार वसतिगृहातील विषबाधेनंतर रस्त्यावर बसल्या. जे चीनला तीस वर्षांनी भोगावे लागले ते आपल्या वाट्याला फार लवकर आले आहे.

या सभागृहात भोसरी-चाकणकडचे जॉबवर्क करणारे काही उद्योजक बसले आहेत, असे अध्यक्षांनी मला सांगितले. त्यांना माझी विनंती एवढीच की परदेशी खरीददाराला दर देताना, किमान वेतन वाढेल तितक्या प्रमाणात दर वाढेल असे कलम करारनाम्यात घालून घ्या, आणि त्या कलमाला तो नकार देत असेल तर ती मागणी घेऊ नका.