मूठ आणि तुकडा
(शिवडीच्या एका वस्तीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही व्याख्याता नाही. गोदीत ठेक्यावर गोण्या उचलतो, रात्री कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. तेव्हा पांडित्याची अपेक्षा करू नका. आजची बैठक दोन प्रश्नांसाठी आहे. वस्तीत आपली धान्याची कोठी काढायची की नाही? आणि निवडणुकीच्या तोंडावर एक शेटजी स्वतःचा फोटो छापलेल्या पिशव्यांचा ट्रक पाठवतो म्हणतोय, त्याचं काय करायचं?

आधी भुकेचं बोलू. जहाज लागलं नाही की आमची हजेरी नाही, हजेरी नाही की चूल थंड. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आठ दिवस तापानं पडली की दोन घरं सुटली. वस्तीत भूक अशी येते. ती दुष्काळासारखा गवगवा करत नाही, दार ओढून गप बसते. दिवसभर डाळीच्या गोण्या वाहणाऱ्याच्या घरात डाळीचा डबा रिकामा, ह्याला कुणी नशीब म्हणत असेल तर त्यानं एक गोणी माझ्याबरोबर उचलून बघावी.

पण मदतीचं नाव काढलं की आपली म्हातारी माणसं तोंड फिरवतात. का? त्यांना 'मदत' ठाऊक आहे. येसकरानं काठी घेऊन गावभर फिरायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून जोहार घालायचा, मग वरनं पाटीत शिळा तुकडा पडायचा. राबणूक वर्षभर गावाची, मोबदला तुकडा. वर त्यालाच आपला 'हक्क' म्हणायचं! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितलं, फेकलेले तुकडे खाणं सोडा. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला आठवतं, तुकड्याची गोष्ट मात्र आपण विसरतो.

म्हणून पहिला नियम हा: आपल्या कोठीत उरलंसुरलं येणार नाही. लग्नातला उरलेला भात नको, सोसायटीच्या फ्रीजमधली शिळी भाजी नको. शिजवायच्या आधी घरच्या डब्यातनं काढलेली मूठ तेवढी घ्यायची. मूठ आणि तुकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुकडा खाऊन झाल्यावर टाकतात, मूठ खायच्या आधी काढतात.

ही नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी घरोघरी मूठ मूठ धान्य जमायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. पोरं सगळ्या जातींची, पंगत एक.

आता हिशेब ऐका. एक मूठ तांदूळ धरा ४० ग्रॅम. रोज एक, तर महिन्याला एका घरातनं १ किलो २०० ग्रॅम. आपली घरं ८०. म्हणजे ९६ किलो, क्विंटलला चार किलो कमी. अडलेली १२ घरं धरली तर प्रत्येकी आठ किलो. त्यानं महिना निघत नाही, पण वाईट आठवडा निघतो. कोठीचं काम तेवढंच.

काम कसं चालेल? दर रविवारी दोन पोरं आणि दोन बाया गल्लीतनं फिरतील. तांदूळ, गहू, डाळी वेगवेगळ्या डब्यांत, एकात एक मिसळायचं नाही. डबे लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब; इथली पावसाळी ओल तुम्हाला सांगायला नको. आधी आलेलं आधी बाहेर. किती आलं, किती गेलं, हे भिंतीवर खडूनं लिहायचं. देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, घेणाऱ्याचं तर नाहीच नाही. किल्ली बायांकडे. रिकामं पिंप कसं दिसतं ते त्यांनाच जास्त माहीत.

काही दोस्त म्हणतात, हे समाजसेवकांचं काम, आपण मोर्चेवाले. त्यांना अमेरिकेतलं ओकलंड सांगतो. १९७२ साली इथल्या पँथरनं ज्यांच्यावरनं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरवाल्यांनी जानेवारी १९६९ मध्ये एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना सकाळची फुकट न्याहारी सुरू केली. माल मोहल्ल्यातल्या दुकानांतनं मागून आणला, रांधायला मोहल्ल्यातलीच माणसं. त्याच वर्षी एफबीआयचा प्रमुख हूव्हर यानं ह्या न्याहारीलाच मोठा धोका ठरवलं. बंदुकीला सरकार घाबरतं हे आपण धरून चालतो. ते पोरांच्या ताटाला घाबरलं. कारण भुकेचा बंदोबस्त वस्ती स्वतः करायला लागली की ती प्रश्नही विचारायला लागते.

आपला प्रश्न रेशनच्या दुकानात आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. कार्ड गावाकडचं असलं तरी इथल्या दुकानात धान्य मिळायला पाहिजे. मग अडतं कुठं? मशीनवर. गोणीचा तळवट ओढून ओढून आमच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, भांडी घासून बायांच्या झिजल्या. मशीन म्हणतं, अंगठा जुळत नाही. म्हणजे राबला म्हणून उपाशी! म्हणून कोठीत एक वही ठेवू. ज्याला रेशन नाकारलं त्याची तारीख, दुकान, कारण त्यात लिहू, आणि त्यानं होय म्हटलं तर वही घेऊन त्याच्यासंगं शिधावाटप कार्यालयात जाऊ. धान्य नाही दिलं तर अन्नसुरक्षा भत्ता द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. तो मागू. मूठ सरकारच्या बदल्यात नाही, सरकारशी भांडायला पोटाला आधार म्हणून आहे. हे सुटलं की आपली कोठी नुसतं अन्नछत्र होईल.

राहिला ट्रक. माझं मत सरळ आहे. शेटजींनी धान्य आपल्या डब्यात ओतावं, पिशव्या आणि फोटो परत न्यावेत. रांग लावणार नाही, टाळ्या वाजवणार नाही, मताचा शब्द देणार नाही. हे पटत नसेल तर ट्रक आल्या वाटेनं जाईल. पण एक ध्यानात ठेवा: वस्तीतल्या एखाद्या उपाशी माणसानं ती पिशवी घेतली तर त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. त्याच्या दारी आपली मूठ आधी पोचली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता हात वर करून ठरवा. आणि ठरलं, तर उद्या सकाळी भात लावायच्या आधी डब्यात हात घाला.

जयभीम.