धानाच्या बांधीत क्षार साचण्याआधी



मूल, सावली, सिंदेवाहीच्या धानकऱ्याला खारवट जमिनीचं काय, असं कुणालाही वाटेल. आपल्याकडे पाऊस भरपूर, मामा (माजी मालगुजारी) तलावांचं आणि बोड्यांचं पाणी गोडं. पण आता गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचं पाणी आसोलामेंढा तलावाकडे आलं आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाच्या पाण्याची आपण किती वाट पाहिली! ते हवंच. मला काळजी आहे ती पाण्याला शेताबाहेर जायला वाट आहे की नाही, याची.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. ऊस पिकला, आणि त्याच पट्ट्यात पुढे जमिनी पाणथळ नि क्षारपड झाल्या. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापुरातही तेच घडलं. हिशेब करून पाहा. एकरभर बांधीत चार इंच पाणी म्हणजे सुमारे चार लाख लिटर. लिटरमागे पाव ग्रॅम क्षार धरले, तरी शंभर किलो होतात. पाणी पीक पितं, ऊन पितं; क्षार तिथेच राहतात. निचरा नसेल तर जमिनीखालचं पाणी वर चढतं आणि उन्हाळ्यात वाफ होऊन वर पांढरा थर धरतं.

अशा मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांची टोकं करपतात, लोंबीत पोचट दाणे वाढतात. जव बरंच सोसतो, गहू त्याहून कमी, धान तर फारच नाजूक. त्यातही कोवळं रोप आणि निसवण्याचे दिवस सर्वांत हळवे. म्हणून अशा बांधीत रोवणा थोड्या जून, महिनाभराच्या रोपांचा करावा, चुडात एखाद-दोन रोपं जास्त ठेवावीत, आणि रोवण्याआधी पावसाचं पाणी भरून एकदा तरी बाहेर सोडावं. कोकणातला शेतकरी खार जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या पाण्यानेच मीठ धुऊन भात काढतो. त्याच्यासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ असे वाण दिले.

ते बी आपल्याकडे सरसकट आणावं, असं मी म्हणणार नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी बांधीतल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यातून एचएमटी धान दिलं. तीच नजर इथे लावा. पांढऱ्या पट्ट्यात एखादं रोप हिरवंगार उभं दिसलं तर त्याचं बी वेगळं राखा, पुढच्या हंगामात त्याच पट्ट्यात पुन्हा लावून बघा. नुसत्या योगायोगाने तगलं असेल तर तेव्हा कळेल.

जिप्सम मात्र ऐकीव सल्ल्यावर टाकू नका. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनीचं औषध आहे; नुसत्या खारवट जमिनीला धुणं आणि निचरा लागतो. उन्हाळ्यात नांगरटीपूर्वी पांढऱ्या जागेची आणि चांगल्या जागेची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासायला द्या, आणि बांधीच्या उतारावरचा बुजलेला चर पावसाआधी मोकळा करा.