यंत्रमानवाचा सांधा आणि लहान कारखानदार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अहवालवाचन आणि विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपल्यावर व्याख्यात्याच्या वाट्यास जो वेळ येतो, तो भोजनाच्या पंगतीस लागूनच असतो, हे मी जाणून आहे. म्हणून प्रास्ताविक न लांबविता विषयास हात घालतो.

यंत्रमानव म्हटले की दोन पायांवर चालणारी, डोळे लुकलुकविणारी आकृती आपल्या मनश्चक्षूंपुढे उभी राहते. हा नाटकाचा संस्कार होय. ‘रोबो’ हा शब्दच मुळी कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर पसरला. कारखान्यातील यंत्रमानव हा बहुधा नुसता एक हात असतो. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा असा हात प्रथम कामास लागला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून ठेवणे एवढेच त्याचे काम होते. आपल्या घरांतील जी मुले पुणे-चाकणच्या मोटार कारखान्यांत आहेत, त्यांना असे हात आता नित्याचे झाले आहेत.

या हाताचे सारे मर्म संगणकात आहे, अशी तरुणांची समजूत असते. माझे मत निराळे आहे. संगणक आज्ञा देतो. ती पाळावयाची असते सांध्याने. सांधा एका अंशाच्या केवळ साठाव्या भागाने चुकला, तरी एक मीटर लांबीच्या हाताचे टोक सुमारे ०.२९ मिलिमीटर बाजूस जाते. तेवढ्याने नाजूक जुळणीचे काम बिघडते.

या सांध्यात पुष्कळदा जी दंतचक्ररचना वापरतात, ती वॉल्टन मसर या अमेरिकन संशोधकाची. तिचे पेटंट त्यांना १९५९ साली मिळाले. तिचे मुख्य भाग तीनच. मध्ये लंबवर्तुळाकार गाभा, त्यावर पातळ पोलादाची बाहेरून दाते असलेली वाटी, आणि तिच्याभोवती आतून दाते असलेले जाड कडे. वाटीला २०० दाते असले तर कड्याला २०२. गाभा एकदा फिरला की वाटी दोनच दाते मागे सरते. म्हणजे मोटारीचे १०० फेरे झाले, तेव्हा सांध्याचा एक फेरा होतो. कल्पना किती सुंदर! परंतु गाभ्याच्या प्रत्येक फेऱ्यात ती पातळ वाटी दोनदा वाकते. मोटार मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तासाला ३ लाख ६० हजार वेळा. पोलादात डोळ्यांस न दिसणारा मळीचा एखादा कण राहिला, अथवा उष्णोपचारात थोडी कसूर झाली, तर तडा तेथूनच सुरू होतो. आणि तयार वाटी हाती घेऊन कितीही निरखली, तरी हा दोष दिसत नाही.

येथेच तपासणीची मर्यादा कळते. समजा, एका हातात १०० भाग आहेत आणि प्रत्येक भाग शंभरांत नव्याण्णव वेळा निर्दोष येतो. ऐकावयास बरे वाटते. परंतु शंभरही भाग निर्दोष असलेले हात मग शंभरांत ३७ सुद्धा निघत नाहीत. माल दाराशी आल्यावर निवडून हा हिशेब सुधारत नाही. तो जेथे घडतो तेथेच सुधारावा लागतो. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला तो याच विचाराने. १९४७-४८ मध्ये ते प्राध्यापक महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून आपल्या देशातही येऊन गेले. तो आलेख आज भिंतीवर टांगलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो, वाचलेला क्वचितच. असो.

आता भोसरीतील एखाद्या चार यंत्रांच्या शेडमध्ये चला. सांध्याची ॲल्युमिनियमची पेटी तेथे तयार होते. बेअरिंग बसावयाचे भोक ६२ मिलिमीटरचे, आणि त्यात सवलत अवघी ३० मायक्रॉनची. मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. एप्रिल महिन्यात शेडमध्ये ३८ अंश असतात. त्या उष्णतेने ते भोक सुमारे २६ मायक्रॉन मोठे होते. पोलादी गेजही तापते, पण ते ॲल्युमिनियमच्या निम्म्यानेच फुगते; म्हणून तेरा-एक मायक्रॉनचा फरक उरतोच. कारागिराने प्रामाणिकपणे घेतलेले माप कंपनीच्या वातानुकूलित खोलीत जुळत नाही, आणि मग ‘पुरवठादार खोटे रिपोर्ट देतो’ असा शेरा पडतो. तो गरीब खोटे काहीच बोललेला नसतो.

माझ्या पाहण्यातील एक प्रकरण सांगतो. नावे घेण्याचे प्रयोजन नाही. ड्रॉइंगवर ‘हार्ड ॲनोडायझिंग’ एवढेच लिहिलेले होते. थर किती, आणि मापे थरापूर्वीची की नंतरची, याचा उल्लेख नव्हता. आरंभी थर देणारा मनुष्य जुना जाणता होता. बेअरिंगच्या भोकास रबरी बूच लावून तो ते झाकीत असे. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. पुढे त्याने धंदा बंद केला. कारखानदाराने दुसरा गाठला, आणि कंपनीस कळविले नाही. नव्या माणसाने ड्रॉइंगबरहुकूम सर्वत्र ४० मायक्रॉनचा थर दिला. अशा थराचा साधारण अर्धा भाग धातूच्या आत जातो व अर्धा बाहेर वाढतो. दोन्ही बाजूंनी २० मायक्रॉन, म्हणजे भोक ४० ने आवळले. बेअरिंग बसेना, तेव्हा जुळणी विभागाने ते प्रेसने दाबून बसविले! बाहेरचे कडे आवळून आतील मोकळीक नाहीशी झाली, सांधे तापू लागले, आणि काही महिन्यांत हात परत येऊ लागले.

दोष कोणाचा ठरला? एकट्या लहान कारखानदाराचा. सर्व लॉट परत, बिले अडकलेली, आणि कामगारांच्या पगाराकरिता घरातील दागिने गहाण. मुके ड्रॉइंग ज्यांनी काढले आणि न बसणारे बेअरिंग ज्यांनी दाबले, त्यांना कोणी विचारले नाही. हा न्याय नव्हे, असे मी त्या वेळीही म्हटले होते. तथापि कारखानदारही सर्वस्वी मोकळा नव्हता. माल, प्रक्रिया, जागा अथवा बाहेरचा जॉबवर्कवाला बदलला तर तो बदल आधी कळवून पुन्हा मान्यता घ्यावी, हा मोटार-उद्योगात रुळलेला नियम आहे. त्याने दोन ओळींचे पत्र पाठविले असते, तर थराची गोष्ट पहिल्याच नगावर उघडकीस आली असती.

त्याने पत्र का पाठविले नाही? भीतीने. कळविले की मान्यतेस महिना लागतो, तोवर ऑर्डर दुसरीकडे जाते. आपल्या या सभागृहात शेड चालविणारे बांधव आहेत, तसे मोठ्या कंपन्यांत परचेस आणि गुणवत्ता विभागांत बसलेले चिरंजीवही आहेत. त्या चिरंजीवांना मी विनवितो, की बदल कळविणाऱ्यास शिक्षा होईल अशी व्यवस्था ठेवू नका. तशी ठेवलीत तर तुम्हांस खरी बातमी कधीच मिळणार नाही. आणि शेडवाल्या बांधवांना सांगतो, की दर देण्यापूर्वी ड्रॉइंगवरचे प्रश्न लेखी विचारा: माप थरापूर्वीचे की नंतरचे, कोणत्या तापमानाचे, तपासताना भाग कोठे धरावयाचा. ‘होऊन जाईल साहेब’ हे उत्तर आपल्याकडे विनयाचे समजतात. त्या विनयापायी किती शेडना कुलपे लागली, ते मी पाहिले आहे.

शेवटी एक सूचना. आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत दरवर्षी पदवीधर अभियंत्यांची नावे असतात, हे भूषणावहच आहे. परंतु गेज, जिग आणि साचे बनविणारा, मायक्रॉनची भाषा हाताने जाणणारा मुलगा त्या यादीत मला दिसला नाही. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत हे शिक्षण मिळते. पुढील वर्षापासून अशा दोन मुलांची, आणि मुलींचीही, फी मंडळाने भरावी, असा प्रस्ताव मी कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहे. त्यांपैकी पहिल्या वर्षाचा अर्धा भार मी उचलीन.