पुराची रेघ



निळवंडे धरणातून प्रवरेत इतके क्यूसेक पाणी सोडले, असे पावसाळ्यात आपण ऐकतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पण नदीकाठच्या माणसाला पाणी किती, याइतकेच ते केव्हा येणार, हेही कळायला हवे. मोटार काढायची, गुरे हलवायची ती त्याच हिशेबाने.

प्रवरा संगमनेरावरून वाहत प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. वरचा पूर खाली काही तासांनी पोचतो. वाटेत पसरला तर त्याचा माथा बसतो. मुळेसारखी नदी येऊन मिळाली तर चढतोही.

इंजिनिअर आता हे गणित संगणकावर करतात. नदीचे छेद, उतार आणि येणारे पाणी दिले की गावोगावचा आलेख निघतो. आडवी वेळ, उभी पातळी. पण मेख अशी, की आकडा दिवसातून एकदाच घेतला, तर रात्री चढून पहाटे ओसरलेला पूर आलेखात दिसतच नाही. रेघ सपाट, आणि गोठ्यात पाणी! म्हणून आकडा तासातासाचा हवा.

ती रेघ खरी की खोटी, हे घाटच सांगेल. गुरुजी, उन्हाळ्यात घाटावर फुटांच्या खुणा करून ठेवा. पुरात लांबून, उंचावरूनच पातळी पाहून वेळेसह वहीत लिहा. मुलांना तिकडे नेऊ नका. मागाहून वर्गात चौकटीच्या कागदावर त्यांच्याकडून रेघ काढून घ्या. संगणकाचा माथा आणि तुमचा माथा जुळला, तर ठीक. दोन तासांची चूक निघाली, तर वही पाटबंधारे खात्याला दाखवा. त्या दोन तासांत गोठा रिकामा होतो.