नफा, वाढावा आणि उद्योगाचे आयुष्य



उद्योग टिकावयाचा असेल तर त्याला नफा झालाच पाहिजे काय, हा प्रश्न सहकारी संस्था, महिला मंडळे व ग्रामपंचायती यांच्या बैठकांतून वारंवार उपस्थित होतो. लोकसेवेसाठी काढलेल्या संस्थेने नफ्याचा विचारही करू नये, असे एक पक्ष म्हणतो. जेथे नफा नाही तेथे धंदाच नाही, असे दुसरा पक्ष बजावतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन निराळ्या गोष्टींना येथे एकच नाव दिले जाते. मालकाच्या पदरात पडणारा नफा ही एक गोष्ट, तर सर्व खर्च भागवून उद्योगाच्या हाती उरणारी शिल्लक ही दुसरी. सहकाराच्या परिभाषेत या शिलकेला ‘वाढावा’ असे समर्पक नाव आहे. नफ्याच्या लोभावाचून उद्योग चालू शकतो. वाढाव्यावाचून मात्र तो फार काळ तग धरू शकत नाही.

‘लिज्जत’ पापडाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगाव भागात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. देणगी स्वीकारावयाची नाही, असा निश्चय त्यांनी आरंभीच केला. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेण्यात आला. खाटेवर पापड आणि खाली पेटता स्टोव्ह, अशी व्यवस्था होताच भर पावसातही काम सुरू राहिले. खरेदी लहानशीच होती. परंतु हाती काहीच शिल्लक नसेल, तर असा साधा उपायही आवाक्याबाहेर राहतो. पुढे हा उद्योग चाळीस हजारांहून अधिक महिलांचा झाला. येथे वेगळा मालक नाही. लाटणाऱ्या भगिनीच मालक, आणि नफ्याबरोबर तोट्याच्याही त्याच वाटेकरी.

पुष्कळ लहान उद्योग फसतात ते हिशेबाच्या एका उणिवेमुळे. समजा, एका महिला मंडळाने १,२०,००० रुपयांची पिठाची गिरणी घेतली. महिन्याला ९,००० रुपये दळणावळ जमते; वीज, मजुरी व किरकोळ दुरुस्ती यांवर ८,५०० रुपये खर्च होतात. ५०० रुपये उरले, म्हणून सारे समाधानी होतात. परंतु गिरणीचे आयुष्य दहा वर्षांचे धरले, तर तिचा घसारा दरमहा १,००० रुपये येतो. म्हणजे ५०० रुपयांचा नफा नव्हे, ५०० रुपयांचा तोटा होत आहे! तो दिसतो दहा वर्षांनी, जेव्हा यंत्र बंद पडते आणि नवे घेण्यास पैसा नसतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने हा धोका ओळखला आहे. निव्वळ नफ्याचा किमान एक-चतुर्थांश भाग दरवर्षी राखीव निधीत टाकण्याचे बंधन त्यात आहे. तसेच निबंधकाच्या पूर्वमान्यतेवाचून १५ टक्क्यांहून अधिक लाभांश वाटता येत नाही. वाढावा निर्माण व्हावा, पण तो सर्वच वाटून खाल्ला जाऊ नये, हे या तरतुदींमागील सूत्र होय.

काही सेवा तोटा सोसूनही चालवाव्याच लागतात. दुर्गम गावाला जाणारी एस.टी. केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर तोलता येणार नाही. तथापि, तेथेही तूट कोणीतरी भरून काढतेच. सवलतीच्या प्रवासाची प्रतिपूर्ती शासनाच्या तिजोरीतून होते. अशी तूट आधी मोजावी, ती कोण सोसणार हे ठरवावे आणि ते जनतेला उघडपणे सांगावे. न मोजलेली तूट ही सेवा नव्हे; ते पुढील पिढीवर टाकलेले कर्ज होय.

म्हणून संस्थेच्या वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. घसारा धरला काय? राखीव निधीत किती रक्कम पडली? आणि उरलेला वाढावा कोणाच्या हिताला लागला? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर संस्थेचे आयुष्य अवलंबून आहे, तर तिसऱ्यावर तिची प्रतिष्ठा.