व्हीलचेअर मागून घ्या



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले कितीतरी आईवडील आता लेकीकडे, मुलाकडे परदेशात जाऊन येतात. पण गुडघे गेलेले असले, अर्धांगवायू होऊन गेलेला असला किंवा पोलिओमुळे लहानपणापासून व्हीलचेअर असली, की घरचेच म्हणतात, "तिकडे कसं झेपेल?" मला विचाराल तर तिकडची काळजी नंतर करा. खरी अडचण मुंबईच्या विमानतळापर्यंत पोहोचण्याची आहे.

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं, तर गाडी थांबते जेमतेम दोन-तीन मिनिटं, आणि डब्याच्या पायऱ्या उंच. माणसाला दोघांनी उचलून आत घ्यावं लागतं. उचलणाऱ्यांना घाई आणि उचलल्या जाणाऱ्याला संकोच. मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. परवडत असेल तर मोटारीनेच जा, आणि आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा.

विमानतळावरची मदत मात्र हक्काची आहे, आणि दिव्यांगांना ती मोफत आहे. प्रवासाच्या 48 तास आधी विमान कंपनीला कळवायचं असतं. इथेच एक गफलत होते. व्हीलचेअरच्या मागणीचे तीन प्रकार असतात: लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्या जमत नाहीत पण विमानात आसनापर्यंत जाता येतं, आणि अजिबात चालता येत नाही. तिसऱ्या प्रकारातल्या प्रवाशासाठी आसनांच्या रांगांमधून जाणारी अरुंद खुर्ची लागते. तिकीट काढणारा मुलगा अंदाजाने पहिला प्रकार निवडतो आणि आई विमानाच्या जिन्यापाशी अडकते.

फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नीला तिच्यात बसवून 80 वर्षांचे पती सोबत चालत निघाले, वाटेत कोसळले आणि वारले. विमान कंपनीला 30 लाखांचा दंड झाला. माझी कळकळीची विनंती आहे, आपली खुर्ची येईपर्यंत जागचे हलू नका. तिथे भिडस्तपणा नको.

स्वतःची व्हीलचेअर नेत असाल तर ती सामानात जाते. गादी आणि सुटे होणारे भाग जवळ ठेवा, बॅटरीची असेल तर आधी विचारून घ्या. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार द्या; आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याची मुदत 7 दिवसांचीच असते.

परदेशातल्या मुलामुलींना एकच सांगणं आहे. तिकीट काढण्याआधी घरी फोन करा. किती पायऱ्या चढवतात, संडासला एकट्याने जाता येतं का, हे न लाजता विचारा, कारण विमानातले कर्मचारी दारापर्यंत नेतात, आत मदत करणं त्यांचं काम नसतं. एकट्याने जमत नसेल तर सोबतीला माणूस पाठवा, आणि जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं कंपनीला कळवा.